बागायतदार नवऱ्याला वाईन टेस्टिंगला न्यायचंय? आधी बागेत घेऊन जा

"ताई, आम्ही तासगाव तालुक्यातले. मी सांगलीला बँकेत आहे, मिस्टर घरची साडेतीन एकर बाग बघतात, माल सगळा बेदाण्याला जातो. जानेवारीच्या शेवटी लग्नाला पाच वर्षं होतील. मला एकदा दोघांनी मिळून वाईनच्या बागेवर जाऊन टेस्टिंग करायचंय. पुण्यात असताना ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर एकदा गेलेले, फार छान वाटलेलं. पण विषय काढला की हे म्हणतात, घरी द्राक्षाचा ढीग पडलाय आणि तू तीन तास गाडीत बसून द्राक्षाचं पाणी प्यायला निघालीस. मग हसण्यावारी नेतात. मला वाटतं तिथं अवघडल्यासारखं होईल ह्याची त्यांना धास्ती आहे, ती नावं, ते ग्लास फिरवणं, इंग्लिश झाडणारी पोरं. मित्रांबरोबर कधीतरी बिअर घेतात, मी फार तर दोन घोट. गाडी तेच चालवतात, मला स्कूटीच येते. सासरे माळकरी आहेत. त्यांना सांगून जावं का न सांगता? आणि मी हट्ट करू का सोडून देऊ?"

अगं, ते 'द्राक्षाचं पाणी' वाचून मी एकटीच हसत बसले. कारण दहा-बारा वर्षांपूर्वी नाशिककडं एका ठिकाणी आमच्या ह्यांनी जवळपास हेच वाक्य म्हटलेलं, ते पण काउंटरवरच्या पोराच्या तोंडावर.

तुला तो दिवस सांगते, म्हणजे मी असा सल्ला का देतेय ते कळेल. आमचे हे साखर कारखान्यात केमिस्ट, आता रिटायर झालेत, सगळी नोकरी उसाच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, मोजण्यात गेली. मला कुणीतरी सांगितलेलं की सूर्यास्त बघत वाईन प्यायला जाम भारी वाटतं, म्हणून मी त्यांना ओढत नेलं. सातारहून पहाटे निघालो, वाटेत एक वडापाव, पोटात दुसरं काही नाही, आणि पोचल्या पोचल्या थेट टेस्टिंगच्या काउंटरला उभे. त्या पोरानं पहिला ग्लास दिला, तळाशी एवढीशी वाईन, आणि काहीतरी फळाफुलांचं सांगायला लागला तोवर ह्यांनी एका घोटात संपवून ग्लास ठेवला आणि म्हणाले, "बरं. पुढं?" असे सहा ग्लास दहा मिनिटांत. चौथ्याला तो पोरगा म्हणाला ह्याच्यात पेरूचा वास येतो, तर हे मोठ्यानं, "कुठाय पेरू, मला दाखव." शेजारी एक मुंबईचं जोडपं होतं ते गालात हसलं आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग टूर. टाक्यांच्या खोलीत एकजण सॅम्पल काढून साखर तपासत होता आणि त्याच्या तोंडून ब्रिक्स हा शब्द निघाला. संपलं! आमचे हे जे जागे झाले ते अर्धा तास त्या माणसाला सोडेनात, यीस्ट कुठलं घालता, टेंपरेचर किती ठेवता, साखर किती शिल्लक ठेवता, आणि तो माणूस पण खुलला कारण असे प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक त्याला रोज थोडंच भेटतंय. बाहेर येताना हे मला म्हणाले, "अगं हे आधी दाखवायला पाहिजे होतं, मी ते नीट प्यायलो असतो की." पण तोपर्यंत उपाशीपोटी घेतलेले सहा ग्लास डोक्यात गेलेले. मला तेव्हा गाडी येत नव्हती. संध्याकाळी सात वाजेपर्यंत आम्ही पार्किंगमधल्या चिंचेखाली, हे मागच्या सीटवर घोरतायत आणि मी सूर्यास्त बघतेय. एकटीच!

तर तुझ्या पत्राला माझं उत्तर तिथंच आहे. ने त्यांना, पण आधी बागेत, मग टाक्यांजवळ आणि काउंटरला सगळ्यात शेवटी. बऱ्याच ठिकाणी टूर आणि टेस्टिंग एकत्र असतं, तरी बुकिंगच्या वेळीच सांगून ठेव की आम्हाला आधी बाग बघायचीय, आम्ही द्राक्षवाले आहोत. हे शेवटचं वाक्य तर नक्की सांग, त्यानं वागणूकच बदलते.

कारण मिस्टरांना वाईनची अडचण असावी असं मला वाटत नाही. तूच अर्धं ओळखलंयस. ज्या माणसानं लहानपणापासून द्राक्षात दिवस काढले, पहाटे धुक्यात ब्लोअरनं औषध मारलं, ढग आले की ज्याला रात्रीची झोप लागत नाही, त्याला एसीमध्ये उभा केलेला पंचविशीतला पोरगा द्राक्ष म्हणजे काय ते सांगणार, आणि बायकोसमोर. कुणालाही अवघडच होईल ते. बायकोसमोर अडाणी ठरायचं नसतं गं पुरुषांना, बाकी कुणासमोर चालतं. म्हणून जिथं ते मास्तर आहेत तिथनं दिवस सुरू कर.

आता बागेत गेल्यावर त्यांना काय दिसेल ते तुला आधीच सांगून ठेवते, म्हणजे तू बरोबर जागेवर प्रश्न टाकशील. वाईनच्या बागेत आपल्यासारखा मांडव किंवा वाय आकाराचा सांगाडा सहसा नसतो, वेल तारांवर सरळ उभी चढवलेली असते, कुंपणासारखी. घड छोटे. मणी तर एवढे बारीक की मिस्टर म्हणतील ह्यांची फुगवणच झाली नाही, मणी फुगवायचा जीएचा फवारा मारला नाही वाटतं. मारतच नाहीत! मुद्दाम. खायच्या द्राक्षाला मणी लांब, जाड, पाणीदार पाहिजे, वाईनला मणी बारीक पाहिजे, कारण चव, रंग, तुरटपणा हे सगळं सालीत आणि थोडं बियांत असतं, आणि मणी जेवढा लहान तेवढी रसाच्या मानानं साल जास्त. आणि हो, बिया असतात त्याला. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका असली बिनबियांची पातळ सालीची द्राक्षं जिभेवर गोड लागतात पण त्यांची वाईन केली तर सपक होते. एकरी माल पण मुद्दाम कमी धरतात, हे ऐकून तर ते दोन मिनिटं गप्प होतील बघ. छाटण्या मात्र आपल्यासारख्याच दोन, एप्रिलला खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी, आणि डाऊनी, भुरी हे रोग पण तेच. तिथल्या सुपरवायझरला आणि मिस्टरांना बोलायला एवढं बास आहे, तू बाजूला उभी राहून ऐक, मला तर असं ऐकायला फार आवडतं, नवरा आपल्या कामाबद्दल परक्या माणसाशी बोलत असतो ना तेव्हा तो घरात दिसतो त्यापेक्षा वेगळाच दिसतो.

पिशवीत त्यांचं रिफ्रॅक्टोमीटर टाक. खरंच सांगतेय. साखर मोजायची ती वीतभर नळी, त्याच्यावर थेंब टाकून उजेडाकडं धरायची, बागायतदाराच्या घरी असतेच. तिथल्या माणसाला विचारून एक मणी मोजू दे त्यांना. खायला विकायचा माल १८ च्या आसपास साखरेवर तोडतात, पण तुमच्यासारखे बेदाणावाले थांबतात, २२ च्या पुढं गेल्याशिवाय हात लावत नाहीत, कारण साखर कमी असेल तर बेदाणा भरत नाही. आणि वाईनचं द्राक्ष? ते पण साधारण २२ ते २४ लाच तोडतात. म्हणजे सगळ्या द्राक्षवाल्यांत वाईनवाल्याच्या आकड्याला सगळ्यात जवळ तुमचा बेदाणावालाच आहे! ह्याच्यापुढची गंमत अशी की ब्रिक्सचा जो आकडा येतो त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त एवढी टक्के अल्कोहोल त्यातनं होते, यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल करतं. २४ ब्रिक्स असेल तर १३ टक्क्यांच्या आसपास. मिस्टर मण्याकडं बघून बाटलीवरचा आकडा सांगू शकतील, आणि काउंटरवर बाटली समोर आली की तू हळूच बाटलीवरचा आकडा वाचायचा. बघ कसे फुलतात. (त्यांना म्हणावं फरक फक्त एवढाच की तुम्ही पाणी उडवून साखर ठेवता, हे लोक साखर घालवून पाणी ठेवतात. म्हणजे 'द्राक्षाचं पाणी' अगदीच चूक नव्हतं.)

कुठं जायचं ते तू विचारलं नाहीस पण तीन तास म्हणालीस म्हणजे तुझ्या मनात अकलूजची बाजू असणार. बरोबर आहे, नाशिक तुम्हाला एका दिवसात जमणार नाही. माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला फ्राटेलीची वायनरी आहे, विटा-आटपाडीकडनं तुम्हाला तीन तास धर. फ्राटेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ, भावांच्या तीन जोड्यांनी मिळून २००७ च्या सुमारास सुरू केलेला धंदा, त्यात एक जोडी इटलीची आणि एक अकलूजच्या मोहिते-पाटलांची. संज्योव्हेसे नावाचं इटलीचं काळं द्राक्ष आपल्या माणदेशाच्या शेजारच्या माळावर पिकतंय हे बघायलाच मजा आहे. बाकी आपल्या सांगलीत पलूसला पण सरकारनं वाईन पार्क काढलेलं, २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर, नाशिकला विंचूर आणि आपल्याकडं पलूस. विंचूरच्या बाजूला धंदा वाढला, पलूसचं म्हणावं तसं फुललं नाही. तेव्हा बऱ्याच जणांनी वाईनची व्हरायटी लावली आणि नंतर दर मिळेना म्हणून वेली काढल्या, तुझ्या मिस्टरांच्या ओळखीत असा एखादा शेतकरी निघेलच. हे त्यांच्या डोक्यात असू शकतं बरं का, 'वाईन' म्हटलं की आपल्या भागातल्या बागायतदाराला हौसमौज आठवत नाही, कर्ज आठवतं. एकदा विचारून बघ.

आधी फोन करून बुकिंग कर, नुसतं जाऊन उभी राहू नकोस, आणि फोनवरच त्या दिवशी टूर चालू आहे का, ड्राय डे नाही ना, पिण्याच्या एक दिवसाच्या परवान्याचं काय ते पण विचारून घे, दोघांची आधारकार्डं जवळ ठेव. वार मधला निवड. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी असते आणि त्या गर्दीत सांगणारा पोरगा पण पाठ केलेलं घडाघडा म्हणतो.

जानेवारीचा शेवट ही वेळ तशी फार चांगली आहे कारण वाईनची तोड जानेवारी ते मार्च चालते, पांढऱ्या व्हरायटी आधी, काळ्या नंतर, म्हणजे क्रेट येताना, क्रशर चालताना प्रत्यक्ष बघायला मिळेल. पण तोच मिस्टरांचा पण जीव टांगणीला लागायचा सीझन. मण्यात पाणी उतरून साखर भरत आलेली, तोड तोंडावर, बेदाणा वाळवायचे रॅक धुऊन ठेवायचेत, मजूर सांगून ठेवायचेत, आणि त्यात दोन दिवस ढगाळ आलं तर तू त्यांना सोन्याच्या ताटात वाईन दिलीस तरी त्यांची नजर आभाळाकडंच. म्हणून तारखेचा हट्ट धरू नकोस. हवामान बघून मागंपुढं चार दिवस झाले तरी चालतील, लग्नाचा वाढदिवस काय पळून जात नाही. अगदीच नाही जमलं तर एप्रिलची छाटणी उरकली की जा, तेव्हा घड दिसणार नाहीत पण माणूस तरी मोकळा असेल.

आता काउंटर. पाच-सहा ग्लास येतात, प्रत्येकात साधारण ३० मिली, पहिल्या फसफसणाऱ्या आणि पांढऱ्या, मग गुलाबी, मग लाल, शेवटी गोड. हा क्रम पाळतात कारण लाल आधी घेतली की तिच्या तुरटपणानं जीभ बधिर होते आणि पुढची पांढरी पाण्यासारखी लागते. ग्लास दांडीला धरायचा कारण हाताच्या उबेनं वाईन तापते. फिरवायचा कारण वास सुटतो. एवढंच. ह्याच्यात शहाणपण काही नाही, आपण ताक पिताना भांडं हलवतोच की. आणि वास घ्यायला जरा थांबायचं, कारण जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढं ढोबळच कळतं, बाकी सगळी चव नाकात आहे, सर्दी झाल्यावर जेवण कसं सपक लागतं तसं.

त्या पोरानं सांगितलेली फळं नाही सापडली तर नाही सापडली. तिकडची बेरी आपण कधी खाल्लीच नाही तर तिचा वास कुठनं ओळखणार? आपल्या शब्दांत बोला ना. सोव्हिन्यॉं ब्लां नावाची पांढरी असते तिच्यात मला आता पेरू येतो, खरंच येतो, आणि मागनं हिरवी मिरची मोडल्यावर येतो तसा वास. शिराजमध्ये काळी मिरी आणि जांभूळ. लाल वाईननं हिरड्या आवळल्यासारख्या होतात ना, तो तुरटपणा सालीतनं आणि बियांतनं येतो, जांभळाची बी चुकून चावली तर होतं तसं, किंवा फार उकळलेला चहा. मिस्टरांना म्हणावं तुम्ही सौद्यात व्यापारी बघता की, बॉक्समधनं मूठभर बेदाणा उचलतो, हातावर चोळतो, उजेडात रंग बघतो, नाकाला लावतो, एकच दाणा तोंडात टाकतो आणि भाव बोलतो, अख्खा बॉक्स खात नाही. तेच करायचंय इथं. आधी रंग, मग वास, मग घोट, आणि मग मनातल्या मनात भाव बोलायचा. तुमच्या दोघांसाठी हा खेळच करून टाक, बाटलीची किंमत न बघता प्रत्येकानं कागदावर दर लिहायचा आणि शेवटी किमती बघायच्या. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा हाच खेळ खेळलो, आमच्या ह्यांनी सगळ्यात महाग बाटलीला सगळ्यात कमी भाव दिला आणि घरी येईपर्यंत त्याचाच आनंद.

आणि थुंकायचं भांडं असतं तिथं. ह्यावर तर मिस्टर म्हणतीलच, पैसे देऊन थुंकायला आलो काय. पण ते वापरणं म्हणजे अपमान वगैरे काही नाही, जे रोज हे काम करतात ते थुंकतातच, नाहीतर दुपारपर्यंत आडवे होतील. तू दोन घोटवाली आहेस म्हणालीस ना, तुला तर हे भांडं म्हणजे वरदान आहे, सहाच्या सहा वाईन चाखायच्या, तोंडात फिरवायच्या आणि टाकून द्यायच्या. नाहीतर काय होतं, न पिणारी बायको बाजूला ज्यूस घेऊन बसते, फोटो काढते, नवरा पितो आणि दोघांची दोन वेगळी सहल होते. किंवा मग दोघांत मिळून एकच टेस्टिंग घ्या, ३० मिलीत दोघांचे दोन-दोन घोट आरामात होतात, पैसे पण वाचतात.

एक बारीकशी गोष्ट, मिस्टर मावा खातात का? तू लिहिलं नाहीस, पण तासगाव-मिरज पट्ट्यातला माणूस म्हणून विचारते. खात असतील तर त्या दिवशी सकाळपासून बंद, सुपारी-चुन्यानंतर ह्या वाईनची आणि त्या वाईनची चव एकच लागणार. तू पण सेंट मारून जाऊ नकोस, शेजारच्यांचा पण वास मोडतो. आणि पोटभर जेवून जा, भाकरी, पिठलं, दहीभात, जे काय, पण तिखटजाळ नको, तिखटावर अल्कोहोल गेलं की आग आणखी भडकते आणि चव कळत नाही. भडंगाचं पाकीट परतीच्या वाटेला ठेव.

आता गाडी. इथं मी मजा बाजूला ठेवते. बिअर पिणाऱ्या माणसाला वाईन हलकी वाटते, गोडसर असली तर जास्तच, पण बिअर ५ ते ८ टक्के आणि वाईन १२-१३. सहा टेस्टिंग म्हणजे १८० मिली, म्हणजे एक भरलेला ग्लास आणि वर थोडी. आपल्याकडं कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमची मर्यादा आहे, आणि ६०-६५ किलोच्या माणसाची ती एवढ्यानं पण ओलांडू शकते. दंड पहिल्यांदाच १० हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंडाचं सोड, आटपाडीकडचा तो रस्ता, अंधार, उसाच्या आणि डाळिंबाच्या गाड्या, समोरनं हायबीम. तर तीन रस्ते आहेत. एक, मिस्टर प्रत्येक घोट थुंकणार, पण पहिल्याच खेपेला ते जमेल असं मला वाटत नाही, खरं सांगते. दोन, तिकडंच मुक्काम, वायनरीवर किंवा अकलूजमध्ये लॉजवर, पण सीझनमध्ये बागेला रात्र टाकून ते राहणार नाहीत. तीन, ड्रायव्हर. दिवसाची ड्रायव्हरची हजेरी किती जाते ते तुला माहितेय, दोन बाटल्यांपेक्षा कमीच. ड्रायव्हर घे. पुतण्याला नेऊ का म्हणशील, तर तो कॉलेजचा असेल तर तो तिथं बाहेर गाडीत गप्प बसून राहणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी गावभर होईल. भाड्याचा ड्रायव्हरच बरा. आणि स्कूटी येते ना, मग पुढच्या वर्षापर्यंत कार शीक, हे मी स्वतः चिंचेखाली बसून ठरवलेलं आणि शिकले.

सासऱ्यांचं. सांगून जा. काय सांगायचं तर जे आहे ते, अकलूजकडं वाईनची बाग आणि कारखाना बघायला चाललोय, ह्यांनी चाखून बघितली तर बघतील. एवढंच, आवाज न चढवता, चहा देताना. माळकरी माणसं आपण समजतो तेवढी भोळी नसतात, पोरगा मित्रांबरोबर बिअर घेतो हे त्यांना केव्हाच माहिती असणार. मी तुला एकच गोष्ट करू देणार नाही, पंढरपूरला जातो म्हणून सांगून निघायचं. बऱ्याच सुना-लेकी हे करतात, अकलूजहून पंढरपूर जवळ आहे, सोयीचं पडतं. पण तो सगळा रस्ता त्यांचा आहे गं, माळशिरसला माउलींच्या पालखीचा मुक्काम, अकलूजला तुकोबांच्या पालखीचा, तिथली गल्ली न् गल्ली त्यांना पाठ असेल, आल्यावर विचारतील दर्शनाला गर्दी किती होती, आणि मग विठ्ठलाच्या नावावर आणखी एक खोटं. नको. जायचंच असेल पंढरपूरला तर वेगळ्या दिवशी, त्यांनाच घेऊन.

ते नको म्हणाले तर? म्हणू देत, नाराजी दाखवू देत. वाईन म्हणजे दारू नव्हेच हे त्यांना पटवायला जाऊ नकोस. २०२२ ला सरकारनं सुपरमार्केटात वाईन ठेवायचं ठरवलं तेव्हा घराघरांत ह्यावर केवढी भांडणं झाली, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन माणसं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. माझं मत विचारशील तर वाईन दारूच आहे, कमी घेतली म्हणजे ताक होत नाही. पाच वर्षांच्या संसाराला एक दिवस तुमचा तुम्ही मागताय, त्याला परवानगीचं स्वरूप देऊ नका, फक्त कळवा. आणि त्यांच्या घराचा मान म्हणून बाटली घरी आणू नका, स्टेटसला ग्लासाचे फोटो टाकू नका. बागेतला फोटो टाक, बायको-नवरा आणि द्राक्ष, तासगावात त्याला कोण काय म्हणणार?

बाटली घ्यावीशी वाटलीच तर एकच घे, आणि ती टेस्टिंग संपल्या संपल्या घेऊ नकोस, तेव्हा सगळंच अमृत लागतं. बाहेर येऊन पाणी पी, अर्धा तास बस, तरी आठवत असेल ती घे. ठेवणार कुठं ते आधी ठरव, मैत्रिणीकडं सांगलीत किंवा कुठं. डिकीत उन्हात तीन तास तापली तर घरी येईपर्यंत तिचं काय व्हायचं ते झालेलं असतं, पायाशी ठेव, ओला टॉवेल गुंडाळून. बिल सांभाळ.

आणि हट्टाचं विचारलंस ना. "चला ना, चला ना" बंद कर आता, त्यानं ते आणखी हसण्यावारी नेतील. एक दिवस संध्याकाळी ते बागेतनं येऊन हातपाय धुत असतील तेव्हा सहज विचार, "अहो, वाईनवाले म्हणे २४ ब्रिक्सला तोडतात, आपण कितीला तोडतो?" एवढंच विचार आणि भाकऱ्या करायला आत जा. त्यांनी तुझ्या मागं मागं स्वयंपाकघरात येऊन "कोण म्हणालं तुला" असं विचारलं, की मला एक ओळ लिहून कळव.